एका घरात राहत्यात पण भेटत नाहीत: आईसाठी घेतलेल्या ओटीटीचा वर्षभराचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, अ‍ॅपचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी आहेत माझ्या आणि कस्टमर केअरशी चाललेलं भांडण अजून मिटलेलं नाही, उगं कशाला नाव घ्या. आणि आईच्या ज्या मालिकेपायी हे सबस्क्रिप्शन घ्यावं लागलं तिचंपण नाव सांगत नाही, कारण ती त्या एकाच अ‍ॅपवर आहे, मालिका सांगितली की अ‍ॅप कळलंच की मग. एवढंच समजा की जुनी मराठी डेली सोप, हजाराच्या वर भाग, मोठा वाडा, चार भाऊ, चार जावा, एक सासू, आणि एक तिजोरी जिच्यात नेमकं काय होतं ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

हे घ्यायचं कारण म्हणजे पैज. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या जवळ. शेजारी अक्का. अक्कांनी आयुष्यभर विड्या वळल्या आता हात दुखतात म्हणून बंद केलंय, पण संध्याकाळी सातला टीव्हीपुढं यायची सवय काही सुटली नाही, पूर्वी आमच्याच घरी यायच्या सूप मांडीवर घेऊन. मागच्या वर्षी आईशी बोलता बोलता त्या मालिकेचा विषय निघाला आणि अक्का म्हणाल्या, "त्या दोघी जावा रोज भांडायच्या बघा वहिनी, ती कुंकूवाली आणि ती चष्मेवाली. त्यांचं भांडण ऐकत ऐकत माझ्या विड्या व्हायच्या." आई म्हणाली कुठलं काय अक्का, त्या दोघी समोरासमोर यायच्याच कुठं, एक माडीवर एक स्वयंपाकघरात. अक्का म्हणाल्या अयो रोज भांडायच्या की. आई म्हणाली नाही. झालं, किलोभर शेंगा चटणीची पैज लागली आणि निकाल लावायचं काम माझ्याकडं आलं.

म्हणून हे अ‍ॅप. वर्षाचे ७९९, दोन स्क्रीन, जाहिराती नाहीत असं लिहिलेलं.

सुरुवातीचे आठ दिवस नुसते ओटीपीत गेले. नंबर माझा दिला होता आणि मी दिवसभर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघत असतो, तिकडं यंत्रमागाचा आवाज एवढा की फोन वाजलेला कळत नाही. आईनं टीव्ही चालू केला की अ‍ॅप दर दोन दिवसांनी लॉगआऊट झालेलं असायचं, ती फोन करणार, "ओटीपी आला का रे", मी बघणार तोवर त्याची मुदत संपलेली, परत पाठव, परत फोन. एकदा तर मालकासमोर बसलो असताना मी फोनवर जोरजोरात आकडे सांगत होतो आणि मालक म्हणतोय कुणाला बँकेचा ओटीपी सांगायला लागलास बे, फसशील. नंतर आईचा नंबर टाकला तेव्हा कुठं सुटलो. आता जे कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेणार असतील त्यांनी पहिल्या दिवशीच नंबर त्यांचा टाका, एवढी एक गोष्ट ह्या रिव्ह्यूतनं घ्या.

चांगलं काय ते पण सांगतो. चित्र जुनंच आहे, चौकोनी, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या, पण ताणून रुंद केलेलं नाही हे बरं केलं, नाहीतर सगळ्या जावा बुटक्या दिसतात. आवाज स्वच्छ आहे. थांबलेल्या जागेवरनं परत सुरू होतं. आणि ते "मागील भागात" वगळायचं बटण आहे ना, ते म्हणजे खरंच सोय. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती सोडून बावीस-तेवीस मिनिटं असतात, त्यातलं मागील भागात, शीर्षकगीत आणि शेवटचं "पुढील भागात" काढलं की खरा मजकूर फार तर सतरा-अठरा मिनिटं उरतो आणि त्यातली तीन मिनिटं एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा नेण्यात जातात, ढॅण ढॅण ढॅण. टीव्हीवर रोज बघताना हे कळत नाही. सलग बघताना कळतं. आणि सलग बघितल्यामुळंच आईची पैज पुढं गेली.

आई अंगणवाडीत होती. तीस वर्षं रजिस्टरं भरलेली बाई, हजेरीचं वेगळं, वजनाचं वेगळं, आहाराचं वेगळं. तिनं माळ्यावरनं एक अर्धं कोरं रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले आणि दुपारची जेवणं झाली की दोन भाग बघून हजेरी लावायला सुरुवात केली. भाग क्रमांक, कोण कोण होतं, कोण कुणाशी बोललं. नुसतं एका खोलीत असणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हा नियम तिचाच. गणपतीच्या आरतीला सगळे उभे असतात ते धरायचं नाही म्हणाली, आरतीला शत्रूपण उभे राहतात. फोनवर बोलणंपण धरायचं नाही. तोंडाकडं बघून बोललं तरच टिंब.

पहिल्या दोनशे भागांत कुंकूवाली आणि चष्मेवालीच्या रकान्यात टिंबं किती तर ११. अकरा! एका वाड्यात राहत्यात, एका चुलीवरचं खात्यात, आणि दोनशे भागांत अकरा वेळा. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-चार पाच-पाच दिवसाआड येतं ते ह्या दोघींपेक्षा जास्त वेळा भेटतं आम्हाला.

मग आम्हाला छंदच लागला. रविवारी मावशी आली पुण्याहून, ती म्हणाली हे सगळीकडंच असतंय. आणि तिनं विचारलं, रात्रीस खेळ चालेच्या पहिल्या सीझनमध्ये शेवंता आठवते का? आई म्हणाली आठवते की, अण्णा आणि शेवंता, न आठवायला काय झालं. मावशी हसायला लागली. २०१६ ला जो पहिला सीझन लागला त्यात अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात, घरात मयत आणि त्याच्यापुढं सगळी गोष्ट. आपल्याला जी अण्णा-शेवंता माहितीय, माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर, ती २०१९ च्या दुसऱ्या सीझनमधली, त्यात गोष्टच मागं नेली होती. दुसरा सीझन इतका गाजला की डोक्यात त्याचं पाणी पहिल्या सीझनमध्येपण झिरपलं. आई काही केल्या ऐकेना. मग मावशीनं मोबाईलवर दाखवलं तेव्हा गप्प बसली, पण तोंड बारीक करून.

आई कुठे काय करतेचं तर आणखी मजेशीर आहे. २०१९ ते २०२४ चालली ती, संजना आणि आशुतोष दोघंही सगळ्यांना पाठ. आता नीट आठवून बघा, संजना आधी कोण होती? दीपाली पानसरे. २०२० च्या लॉकडाऊननंतर ती गेली आणि रूपाली भोसले आली. ओंकार गोवर्धनचा आशुतोष आला २०२१ ला. म्हणजे पहिल्या संजनानं आशुतोषला बघितलेलंच नाही कधी. मी हे ऑफिसात सांगितलं तर आमच्या पॅकिंगमधल्या दोन बायकांनी माझ्याशी भांडण काढलं, नाही नाही बघितलंय आम्ही. काय बघितलंय, ती दुसरी संजना. पात्र एकच असतं ना, आपण मनात त्याचा एकच माणूस करून ठेवतो.

तारक मेहता तर कहरच. ती काही सासू-सुनेची मालिका नाही मान्य, पण २००८ पासून चालू आहे आणि आमच्याकडं जेवताना तीच लागते. दया म्हणजे दिशा वकानी २०१७ पासून रजेवर. तिचा पोरगा टप्पू तोवर बदलून दुसरा आला होता, राज अनादकट, त्याला आई थोडे महिने तरी मिळाली. मग २०२३ ला तिसरा टप्पू, नितीश भलुनी. ह्या पोरानं आईचं नाव घेतलंय, आईच्या आठवणीत रडलाय, पण आईबरोबर एक सीन नाही. आणि नवीन तारक मेहता, सचिन श्रॉफ, जेठालालचा जिगरी दोस्त म्हणे, त्यानं दोस्ताची बायको बघितलेली नाही. आई म्हणाली हे मात्र रजिस्टरमध्ये लिहायला पाहिजे, आणि खरंच शेवटच्या पानावर लिहिलंय, "टप्पू (तिसरा): आई: निरंक". निरंक! सरकारी शब्द काही जात नाहीत तिचे.

क्योंकि सास भी चं मीच सांगितलं, मला फार अभिमान आहे ह्या शोधाचा. अमर उपाध्यायचा मिहिर आणि हितेन तेजवानीचा करण, बाप आणि लेक. पण अमर उपाध्याय सोडून गेला तेव्हा पोरं लहान, नंतर मालिकेनं वीस वर्षांची उडी मारली आणि मोठ्या झालेल्या पोरांच्या वाट्याला रोनित रॉयचा मिहिर आला. २००० ते २००८ एवढी चालली मालिका, १८३३ भाग, आणि हे दोघं बाप-लेक म्हणून एका फ्रेममध्ये आले ते थेट २०२५ ला, दुसरा सीझन आला तेव्हा. तोपर्यंत दोघांचेही केस पिकायला आलेले. आई म्हणाली बरं झालं बाबा, भेटले एकदाचे.

आता हे झालं माणसं बदलण्याचं. पण आमच्या मालिकेत दोन्ही जावा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच होत्या, नट्या बदलल्या नव्हत्या, मग भेटत का नव्हत्या? हे मला एका मित्राच्या भावानं सांगितलं, तो मुंबईत सेटवर असिस्टंट म्हणून काम करतो, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, आला होता. सिद्धेश्वर तळ्याकाठी भज्जी खात खात त्यानं माझ्या डोळ्यावरची पट्टीच काढली. त्याचं म्हणणं असं की प्रेक्षकाला वाटतं गोष्ट ठरते आणि मग शूटिंग ठरतं, प्रत्यक्षात आधी तारखा ठरतात. कुठल्या कलाकाराकडं महिन्यातले किती दिवस आहेत, कुणाचा शनिवार-रविवार नाटकाच्या प्रयोगात जातो, कुणाला दुसऱ्या मालिकेत पाहुणी भूमिका आहे, ह्याचा तक्ता आधी. मग त्या तक्त्यात बसेल तसे सीन. दोन मोठ्या बायकांच्या तारखा जुळत नसतील तर लेखकाला सांगतात, ट्रॅक वेगळे कर. मग एक जाऊ माहेरी अडकते आणि दुसरीचं इकडं चालू राहतं. आणि हॉलचे सगळे सीन एका दिवशी, स्वयंपाकघराचे दुसऱ्या दिवशी असं जागेप्रमाणं उरकतात, म्हणजे सोमवारच्या भागातलं आणि गुरुवारच्या भागातलं भांडण एकाच सकाळी, मध्ये फक्त साडी बदललेली.

आणि सगळ्यात भारी म्हणजे समोरासमोरचा सीन दिसतो तोसुद्धा कधी कधी समोरासमोर नसतो. एकीचे क्लोजअप सकाळी घेतले, समोर कुणी नाही, एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून दुसरीचे संवाद वाचतोय, ह्याला क्यू देणं म्हणतात. दुसरी संध्याकाळी आली, तिचे क्लोजअप घेतले, परत एडीच समोर. मध्ये लागलाच तर पाठमोरा शॉट, त्यात अंबाडा आणि साडीचा पदर, आत दुसरीच मुलगी उभी. "मी आतापर्यंत किती सुनांची सासू झालोय तुला सांगतो," म्हणाला, दाढीवाला एवढा गडी.

मी घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं शांतपणे रजिस्टर उघडलं आणि ती अकरा टिंबं परत तपासायला घेतली. दोघी एकाच फ्रेममध्ये, दोघींचे चेहरे दिसतायत असं किती वेळा. रिमोटनं दहा-दहा सेकंद मागं जाऊन जाऊन बघितलं. आणि हितं अ‍ॅपला अर्धा स्टार कापला मी, कारण मागं जायचं बटण दाबलं की कधी दहा सेकंद जातं कधी थेट शीर्षकगीतावर जातं, आई मग परत सगळं बघत बसणार. अकराचे सहा राहिले. पाच ठिकाणी अंबाडा.

मँचेस्टरला माझी मामेबहीण असते, तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली इकडं कोरोनेशन स्ट्रीट म्हणून आहे, डिसेंबर १९६० पासून चालू, आणि त्यातला केन बार्लो पहिल्या भागापासून एकच नट करतोय. आईला ते खरंच वाटेना. मग बहिणीनं ईस्टएंडर्सचं सांगितलं, २००८ ला त्यांनी एक अख्खा भाग केला ज्यात डॉट नावाची एकच म्हातारी, जून ब्राऊननं केलेली, अर्धा तास एकटी टेपरेकॉर्डरपुढं बोलत बसते, दुसरं माणूसच नाही. तिकडं फार कौतुक झालं म्हणे त्याचं. आई म्हणाली, बाकीच्यांच्या तारखा मिळाल्या नसतील.

मध्ये एक गोष्ट राहिली, करोनाची. मार्च २०२० ला सगळं शूटिंग बंद पडलं आणि परत सुरू करायची वेळ आली तेव्हा राज्य सरकारची अट होती, पासष्टच्या वरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही. ऑगस्टमध्ये हायकोर्टानं ती अट काढून टाकली. पण तेवढ्या दिवसांत मालिकांतले आजी-आजोबा गेले कुठं? गावाला. नाहीतर व्हिडिओ कॉलवर, मागं पांढरी भिंत. आईला तेव्हा वाटायचं लेखकाला म्हाताऱ्यांची कदर नाही. आता कळतंय की लेखकाच्या हातात काय होतं, तो बिचारा सरकारी परिपत्रक समोर ठेवून सीन लिहीत असणार. चार दिवस सासूचे सारखी मालिका तेव्हा चालू असती तर काय केलं असतं काय माहिती, २००१ ते २०१३ चालली ती, तीन हजारांच्या वर भाग, आणि नावातच सासू. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड ह्या दोघी समोर नसतील तर मालिका कशाची मग? मी हिशोब केला, आईच्या वेगानं म्हणजे दिवसाला दोन भाग बघितले तर ती एकटी मालिका बघायला चार वर्षांच्या वर लागतील. आई म्हणाली मग लाव की, मला कुठं जायचंय. मी विषय बदलला.

आता पैजेचं. रजिस्टर घेऊन आई अक्कांकडं गेली, बघा म्हणाली, दोनशे भागांत अकरा, त्यातले पाच खोटे. अक्कांना लिहिलेलं वाचता येत नाही मराठीतलं, तेलुगू येतं, पण टिंबं तर मोजता येतात. त्या म्हणाल्या तुमचं काहीतरी चुकलंय वहिनी, मी रोज ऐकलंय. आणि आई तिथंच थांबली. ऐकलंय. बघितलंय नाही म्हणाल्या, ऐकलंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं अक्कांना आमच्याकडं बोलावलं आणि टीव्हीकडं पाठ करून बसवलं, हातात निवडायला मेथीची जुडी दिली. सत्तेचाळिसावा भाग लावला. मी पण त्या दिवशी घरी होतो, रविवार होता. तर सीन असा, कुंकूवाली माडीवर एकटी, आरशापुढं उभी, म्हणते, "ह्या घरात ती पाऊल कशी ठेवते तेच बघते मी!" कट. चष्मेवाली स्वयंपाकघरात एकटी, भाकरी थापताना पुटपुटते, "बघच तू. मी ठेवते की नाही ते." कट. परत माडी, "माझ्या नवऱ्याला हाताशी धरलंस ना?" कट. स्वयंपाकघर, "तुझा नवरा तुझ्या हातात राहत नाही त्याला मी काय करू?" ढॅण ढॅण ढॅण.

मी डोळे मिटून ऐकलं. खरं सांगतो, कडाक्याचं भांडण चाललंय असंच वाटतं. एका खोलीत, नाकाला नाक लावून. अक्कांनी तीस-पस्तीस वर्षं अशाच मालिका ऐकल्या, मान खाली, पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा बांधायचा, डोळे त्या पानावर आणि कान टीव्हीला. वर बघितलं की विडी बिघडते आणि बिघडलेली विडी कारखानदार छाटतो, तिचे पैसे नाहीत. म्हणजे त्यांच्या मालिकेत त्या दोघी खरंच रोज भांडत होत्या. आणि ज्यानं ते लिहिलं त्याला हे बरोबर माहीत असणार, की निम्म्या महाराष्ट्रात बायका टीव्ही बघत नाहीत, ऐकतात, कुणी विड्या वळत असतं, कुणी भाकरी करत असतं, कुणी पोरांना भरवत असतं. दोन तारखा जुळत नाहीत ना, मग दोन खोल्यांतले दोन संवाद असे लिही की कानाला एक भांडण वाटेल. मला तर त्या लेखकाला एकदा भेटून हात जोडायचेत.

आईला मी म्हणलं म्हणजे अक्का जिंकल्या. आई म्हणाली अशी कशी जिंकल्या, नियम आधी ठरलाय, तोंडाकडं बघून बोललं तरच. अक्का मेथी निवडत म्हणाल्या, तुम्ही आणि तुमची थोरली जाऊ किती वेळा तोंडाकडं बघून भांडलात वहिनी? आई एकदम चहा टाकायला उठली. (खरंय ते. आमच्या घरची भांडणं सगळी भांड्यांच्या आवाजात व्हायची, तोंडानं कधीच नाही. मोठी काकू मंगळवार पेठेत, आम्ही हितं, आणि निरोप घेऊन पळायला मी.)

परत अ‍ॅपवर येतो, रिव्ह्यू म्हणून लिहायला घेतलंय.

सर्च भंगार आहे. पात्राचं नाव टाकलं तर मालिका येत नाही, मालिकेचं नाव देवनागरीत टाकलं तर भलतीच कुठलीतरी हिंदी वेबसिरीज येते ज्यात सगळे शिव्या देतायत, ते आईपुढं उघडलं एकदा, विचारू नका. मालिकेच्या पानावर कलाकारांची यादी आहे पण कुठल्या भागात कोण आहे हे नाही. अरे क्रिकेटच्या मॅचचं एवढं काढून देता तुम्ही, कुठल्या ओव्हरला कुणी कुणाला टाकला, मग मालिकेचं एवढं तर करता येईल ना, दोन पात्रं निवडा आणि दोघं एकत्र असलेले सीन दाखव. आईनं रजिस्टरात हातानं केलंय ते. भागाच्या चित्रात पुढं काय होणार ते आधीच दाखवतात ही आणखी एक डोकेदुखी, ३१० वर असताना बाजूला ३१८ चं चित्र दिसतं आणि त्यात थोरल्याच्या फोटोला हार घातलेला. आई म्हणाली गेला का हा? मग आठ भाग उगंच बघितले आम्ही, तो जिवंत फिरतोय आणि आम्हाला माहितीय.

महाएपिसोडचा घोळ आहे. एक तासाचा भाग कधी एक धरलाय कधी दोन, त्यामुळं आईच्या रजिस्टरमधला क्रमांक आणि अ‍ॅपमधला क्रमांक तीनशेच्या पुढं जुळतच नाही. आईनं शेवटी दोन रकाने केले, "त्यांचा" आणि "माझा".

आणि खरी तक्रार. ६१२ ते ६५५ हे भाग गायब आहेत. म्हणजे यादीत ६११ च्या खाली थेट ६५६. काही सूचना नाही, काही नाही. आणि मालिकेतलं सगळ्यात मोठं भांडण, अंगणातलं, पाऊस पडतोय, तिजोरीची किल्ली चिखलात पडते ते, ज्याच्यात कुंकूवाली आणि चष्मेवाली दोघी एकमेकींसमोर, दोघींचे चेहरे, दोघी भिजलेल्या, अंबाडा वगैरे काही नाही, ते ह्याच भागांत आहे असं आई आणि अक्का दोघीही शपथेवर सांगतात. म्हणजे पहिल्यांदा दोघींचं एकमत झालंय आणि नेमकं तेच अ‍ॅपवर नाही. ६५६ ला दोघी वेगवेगळ्या खोल्यांत शाल पांघरून शिंकतायत, त्याच्यावरनं भिजल्या होत्या एवढं नक्की.

कस्टमर केअरला चार वेळा लिहिलं. चारी वेळा एकच उत्तर, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आम्ही आपली तक्रार संबंधित विभागाकडं पाठवली आहे. फोन केला तर बाई म्हणतात सर तुमच्या इंटरनेटचा स्पीड तपासा. म्हणलं ताई, स्पीडचा काय संबंध, भागच नाहीयेत. तर म्हणे अ‍ॅप काढून परत टाका. टाकलं. परत ओटीपी. परत ६११ आणि खाली ६५६.

माझे पाचपैकी अडीच स्टार. अर्धा मागं जाण्याच्या बटणाचा कापला, एक सर्चचा, एक गायब भागांचा. आईचे दोन. अक्कांनी पाच दिलेत, पण त्यांनी पैसे भरलेले नाहीत आणि त्यांनी बघितलं पण नाही, ऐकलंय.

येत्या चौदा तारखेला वर्ष संपतंय. मी म्हणलं बंद करू, आईनं सांगितलं एक महिन्याचं घे, तोवर ते भाग टाकतील. नवी पेठेतनं आणलेली किलोभर चटणी फ्रिजवर तशीच आहे, पिशवीची गाठपण सोडलेली नाही, आणि सोडायची परवानगी मला नाही.